सुंदररावांचं जळकं ऑइल

जनावराच्या कातडीला काहीही झालं की घाटनांदूरच्या सुंदररावांकडे एकच औषध होतं, ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑइल. म्हैस खाजवो नाहीतर कुत्रं, चोपडा ऑइल. त्यामुळे पुण्याला शिकायला गेलेल्या नातीचे, आरोहीचे, इथे सांभाळायला ठेवलेले दोन गिनिपिग खाजवून खाजवून पाठीला टक्कल पाडून बसले, तेव्हा सुंदरराव कॅन आणि ब्रश घेऊनच अंगणात आले.

छबुबाई पिंजऱ्यापुढे आडव्या उभ्या राहिल्या. एवढ्या संसारात त्यांनी नवऱ्याला तोंडावर कधी नाही म्हटलं नव्हतं. आज म्हणाल्या, "हात तर लावून बगा!"

"अगं, एवढी मोठी म्हैस बरी झालती. ह्ये तर उंदीर हायेत."

"म्हनूनच! आंग चाटत्येत ते. मेले तर आरोहीला काय सांगू? आजोबानं वंगण घातलं म्हून गेले?"

"मग शेळीचं इंजेक्शन हाय. जरासं टोचतो."

"जरासं म्हंजी किती?"

सुंदररावांना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "जरासं म्हंजी जरासं!" ते ओरडले.

"मी चालले अंबाजोगाईला, डॉक्टरीणबाईकडं. आडवून दाखवा."

पेढा आणि बर्फी या दोन्ही गिनिपिगांना कोंबड्यांच्या डालग्यात घालून छबुबाई निघाल्यासुद्धा. डॉक्टर मुनिरबाईंनी फोनवर बजावलं होतं, वजन कळल्याशिवाय औषध नाही. म्हणून स्टँडच्या वाटेवर त्यांनी हरिओमच्या किराणा दुकानात बर्फीला काट्यावर ठेवलं. बर्फीनं काट्यावरून शेंगदाण्याच्या पोत्यात उडी मारली आणि गिऱ्हाइकांनी दुकानाबाहेर. छबुबाई एसटीत बसेपर्यंत गावभर झालं की सुंदररावांच्या घरात खरजेचे उंदीर झालेत आणि त्यांची बायको ते दुकानादुकानात सोडत फिरतेय. डेअरीवाल्यानं त्यांचं दूधच परत पाठवलं. गावात ज्याच्या शब्दाला मान, त्याचं दूध परत! सुंदररावांनी एका हातानं पोट खाजवत मोटारसायकलला किक मारली.

दवाखान्यात वेगळीच तऱ्हा. बर्फी काट्यावर गरागरा फिरत होती, आकडा काही ठरेना.

"बाई, मी धरू का दाबून?"

"नको मावशी, घाबरेल. आणि अंदाजानं मी देणार नाही. एवढासा जीव, थोडं जास्त गेलं तरी संपलं."

तेवढ्यात दारातून गर्जना आली. "अगं ए! गाव हसतंय, चल घरी!"

बर्फी जागच्या जागी थांबली. मान वर करून तिनं कान किटतील अशी शिट्टी घातली. डालग्यातून पेढ्यानंही घातली.

डॉक्टर हसल्या. "हातानं खाऊ घालणाऱ्या माणसाचा आवाज ऐकला की हे अशी शिट्टी घालतात."

"मीच घालते की. मला तर कदी..." छबुबाई वळल्या. सुंदरराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"काका, पोट का खाजवताय?"

"सोयाबीनचं भूस..."

"शर्ट वर करा बघू." पोटभर लाल पुरळ. "भूस नाही, ह्यांचेच किडे. खूप वेळ अंगावर घेतलं की माणसालाही खाजतं. हे बरे झाले की थांबेल. पण तुमच्या पोटावर कसे?"

सुंदररावांनी शर्ट खाली ओढला. "ही दुपारी देवळात जाती तवा... बनियनमदी झोपत्येत. गार लागतं त्यास्नी."

छबुबाईंना हसू आलं नाही, राग आला. "आन् वर त्यास्नीच ऑइल?"

"मरू नये म्हून तर!"

सुंदररावांनी डोक्यावरची टोपी काढून काट्यावर उताणी ठेवली. चार माणसांत बोडक्या डोक्यानं ते कधी दिसले नव्हते. बर्फी टोपीत शिरली आणि डोळे मिटून पडली. डॉक्टरांनी टोपीचं वजन वजा केलं आणि तेवढ्याच मापाचं औषध मानेवर सोडलं. मग पेढ्याची पाळी. पिंजऱ्यातलं गवत बदला, टोपी गरम पाण्यात धुवा, दोन आठवड्यांनी पुन्हा या, असं सांगून त्यांनी दोघांना वाटेला लावलं.

घरी आल्यावर छबुबाईंनी पिंजरा घासला, नवं गवत घातलं. मग ऑइलचा कॅन आणि ब्रश आणून नवऱ्यापुढे आदळला.

"काढा बनियन."

"अगं, मला? ह्ये?"

"का? एवढी मोठी म्हैस बरी झालती की!"