कोकिळाबाईंच्या विहिरीतला सोडा

"कसं बाई गढूळ पानी हाय इथलं! बाटलीत भराची बी लाज वाटते."

मयुरी हे स्वतःशीच पुटपुटली होती. विहिरीच्या काठावर ओणवी, हातात रबरी मोजे, दोरीला बांधलेली बाटली. पण पलीकडे तुरीच्या ओळीत कोकिळाबाई गवत कापत बसल्या होत्या आणि त्यांचे कान शाबूत होते. विळा हातातच राहिला.  पोरीला नेहमीसारखा चहा पाजला, पिशवीत चार वांगी घातली, आणि तिची गाडी वडनेरच्या रस्त्याला लागल्यावर नवऱ्याकडे वळल्या.

"ऐकलं का वो? आपल्या इहिरीचं पानी गढूळ म्हने."

"मंग हायच ना," महादेवराव म्हणाले. "परतीच्या पावसानं सारी काळी माती आत गेली."

"हाय म्हून का बोलून दाखवाचं?"

आर्वीची ही मयुरी कंपनीची होती. गावाच्या माळावर कंपनीने खोल बोअर मारलं होतं. कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड टँकरने आणायचा आणि दाबून जमिनीखालच्या खडकात साठवायचा, असा तो प्रयोग. साठवलेला वायू कुठून फुटून वर आला, तर आसपासच्या पाण्यात मिसळतो आणि पाणी आंबट होतं. म्हणून जवळच्या विहिरीचं पाणी दर महिन्याला तपासायचं. सगळ्यात जवळची विहीर कोकिळाबाईंची. लग्न होऊन आल्या त्या वर्षी हातावरची हळद उतरायच्या आत त्यांनी त्या विहिरीची माती टोपल्यांनी वर काढली होती. उन्हाळ्यात अर्धी वस्ती तिच्यावर तगायची. अशा विहिरीला कोणी नाव ठेवणं म्हणजे घरात येऊन सुनेला नाव ठेवण्यासारखंच.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट शेजारच्या वावरातल्या जावेला, सुलोचनेला कळली. तिच्याकडून पाण्याच्या टाकीपाशी सरपंच भैयाजींना कळली, आणि तिथून ती कोकिळाबाईंची राहिलीच नाही, गावाची झाली.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी कोकिळाबाईंनी तुरटी घेतली. माठातलं पाणी गढूळ असलं की बाई काय करते? तुरटीचा खडा फिरवते. माठ मोठा असला तर खडा मोठा. त्यांनी फडक्यात चांगली मूठभर तुरटी बांधली, पुरचुंडी बादलीच्या दोराला लटकवली आणि विहिरीत सोडून खळखळ फिरवली. महादेवरावांनासुद्धा सांगितलं नाही. पाहुणे यायच्या आधी अंगण झाडलं, तर ते पाहुण्यांना सांगतो का आपण?

सकाळी पाहतात तर पाणी आरशासारखं! तळ दिसत होता. तळाशी सुलोचनेची पितळेची कळशी दिसत होती, जी कोकिळाबाईंनीच हरवली असं सुलोचना गेली कित्येक वर्षं साऱ्या नातेवाइकांना सांगत आली होती. मूठभर तुरटीत एवढी करामत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मयुरी आली, वाकली आणि थक्क झाली. "काकू, केवढं सुंदर पानी!"

"असंच राह्यते आमचं," कोकिळाबाई म्हणाल्या.

मग मयुरीने पाण्यात मशीनची दांडी बुडवली, आणि तिचा चेहरा उतरला. दांडी पुसून पुन्हा बुडवली. मशीन बदललं. पाणी आंबट झालं होतं.

"काकू, इहिरीत काई टाकलं का?"

त्या क्षणी कोकिळाबाईंनी हो म्हटलं असतं तर गोष्ट चहाच्या कपात संपली असती. पण हो म्हणायचं म्हणजे आधी पाणी गढूळ होतं हेही म्हणायचं.

"काई नाई वो माय. मी काहाले काय टाकीन?"

दुसऱ्या दिवशी दोन जीपगाड्या आल्या. विहिरीभोवती लाल पट्टी बांधली गेली, बाभळीला पाटी ठोकली गेली: हे पाणी वापरू नये. मोटारीची वायर काढून ठेवली गेली. महादेवरावांचा हरभरा नुकताच वर आला होता. तो मान टाकून बसला, आणि त्याच्याकडे पाहत महादेवरावही.

गावात बातमी पोचेपर्यंत विहिरीत सोडा झाला होता. एक वस्ती घाबरून पाण्याला येईनाशी झाली आणि दुसरी लिंबू घेऊन यायला लागली. डोमाजी गवंडी पट्टीखालून वाकून आत शिरला, ओंजळभर प्याला आणि दणदणीत ढेकर दिला.

"वयनी, हप्त्याचं पोट साफ! याच्यात मीठ-मिरं टाकून बसस्टँडवर इकाले पाह्यजे."

"डोमाजी, मरशीन ना बापा!"

"मेलो तं कंपनी हाय ना जिम्मेदार."

सुलोचना मात्र येत नव्हती. वाटेत भेटली तरी कळशीचा विषय न काढता खाली मान घालून जायची, यावरून कोकिळाबाईंना काहीतरी कळायला हवं होतं. भैयाजीही विहिरीचं नाव निघालं की घसा खाकरून सोयाबीनच्या भावावर जायचे. कोकिळाबाईंचं लक्ष कुठे होतं? त्यांना अन्न जाईना. एका मुठीने विहीर नासवली, तीही आपल्याच हाताने.

मग कंपनीचे धनंजय साहेब आले, मागे दोन इंजिनिअर आणि मयुरी. सोबत लोखंडी जाळी आणि हातभर लांब कुलूप. विहिरीच्या तोंडावर जाळी बसवायची, कायमची. जाळीचं सिमेंट कालवायला गावातलाच गवंडी धरला होता, म्हणजे डोमाजी.

कोकिळाबाई उठल्या, पट्टी उचलली आणि जिथे जाळी बसायची नेमक्या तिथेच काठावर पाय आत सोडून बसल्या.

"बाई, उठा. धोका आहे," साहेब म्हणाले.

"कायचा धोका? तुमचा गॅस फुटला का?"

"फुटला असं मी म्हटलेलं नाही."

"मंग नाई फुटला?"

"तसंही म्हटलेलं नाही."

"फुटला बी नाई अन् नाई फुटला बी नाई, मंग कुलूप काऊन लावून राह्यले?"

"खबरदारी म्हणून."

"मंग तुमच्या बोअरले लावा ना खबरदारी. माह्या इहिरीले काहाले?"

जमलेल्या गावात खसखस पिकली. डोमाजी फावडं टेकवून म्हणाला, "साहेब, लवकर ठरवा. माल जमून राह्यला. मंग मले छन्नीनं फोडा लागन."

"बाई, मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बलवा. त्याहिले बी इथचंच पानी पाजीन." आणि मग, खाली ते स्वच्छ पाणी चमकत असताना, त्यांना आतून भडभडून आलं. "तुरटी टाकली म्या! घ्या! गढूळ होतं पानी, अन् ही पोरगी नाव ठेवून गेली, म्हून टाकली मूठभर. माह्यावर काय केस करा लागते थे करा. इहिरीले हात लावाचा नाई."

 साहेब हसले. "अहो, तुरटीने पाणी आंबट होतं खरं, पण मूठभर तुरटीने एवढ्या मोठ्या विहिरीला काही होत नाही."

"बाई..." गर्दीतून सुलोचनेचा आवाज आला, बारीक. "म्या बी टाकली. घरातली सारी. रातच्याला येऊन. तुमची बदनामी थे माही नाई का?"

कोकिळाबाई वळून पाहतच राहिल्या.

घसा खाकरल्याचा आवाज आला, तसे सगळे भैयाजींकडे बघायला लागले. त्यांनी पुन्हा खाकरलं, पण सोयाबीन या वेळी कामाला येईना. "ग्रामपंचायतीचा तुरटीचा कट्टा होता, भरलेलं पोतं," ते आभाळाकडे बघत म्हणाले. "पान्याच्या टाकीसाठी आनला होता. गावाच्या इज्जतीचा सवाल म्हून सारा रिकामा केला. मले काय मालूम, या दोघीहिनं बी..."

साहेबांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. त्यांनी तिथल्या तिथे वरच्या साहेबांना फोन लावला. "सर, गळती नाही! बिलकूल नाही! गावकऱ्यांनी तुरटी टाकली होती. हो सर, पोतंभर!" फोन खिशात ठेवून ते डोमाजीला म्हणाले, "चला, बसवा जाळी."

"आता काऊन?" कोकिळाबाई ओरडल्या.

"तुम्ही लोक विहिरीत हात घालता म्हणून. आमची तपासणी बिघडते. आता कुलूपच बरं."

म्हणजे गॅस फुटला तरी कुलूप, नाही फुटला तरी कुलूप. कोकिळाबाईंनी पदर खोचला. उठल्या मात्र नाहीत.

"आयका साहेब. हे सारं पानी आमी उपसून फेकतो. गावातल्या मोटारी लावतो. नवं पानी आलं का तुमची पोरगी मशीन बुडवन. पानी पह्यल्यासारखं निघालं तं जाळी उचलून चालते व्हाचं. कबूल?"

"कबूल!" गाव ओरडलं. डोमाजी सगळ्यांत मोठ्याने. त्याचा माल एव्हाना दगड झाला होता.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. एवढ्या माणसांपुढे दुसरं काय म्हणणार?

"मंग पह्यलं कसं होतं थे सांगा. म्हंजे मंग भांडन नको. गॅस सोडाच्या आधी माह्या इहिरीचं पानी कसं होतं?"

साहेबांनी मागे पाहिलं. मागच्या दोघा इंजिनिअरांनी एकमेकांकडे पाहिलं, मग जीपकडे. एकाला अचानक फोन आला, जो वाजला नव्हता.

"तसा तो... सर्वसाधारण अंदाज असतो या भागातल्या विहिरींचा..." साहेब म्हणाले. "त्याबद्दल आपण नंतर बसून..."

"माह्या इहिरीचं इचारून राह्यली मी."

 मयुरीने हातातले रबरी मोजे काढले. एक, मग दुसरा. साहेबांनी तिच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं, पण ती विहिरीच्या काठाकडे पाहत होती, तिथे बसलेल्या बाईकडे.

"काकू, आधीचं आमी मोजलंच नाई," ती म्हणाली. "गॅस सोडला, अन् मंग तुमची इहीर पाह्याले आलो."