कंडम

आसगावच्या पलीकडच्या एका गावात अंगणवाडीच्या नळाचं रीतसर उद्घाटन झालं आणि पुढच्याच ग्रामसभेत मदतनीस ज्योत्सनाबाई उभी राहून म्हणाली, "नळाले फीत बांधली जी, पाइप बांधाचा राहून गेला."

खरं बोलली होती, म्हणून तर पंचाईत झाली. सरपंच कुलदीपभाऊंनी तिच्या निषेधाचा ठराव मांडायला सांगितला. पण मागच्याच महिन्यात गावाने मोकाट डुकरांचा निषेध केला होता. ज्योत्सनाबाईसाठी त्याहून वजनदार काहीतरी हवं होतं.

निवृत्त गुरुजी मधुकरराव खाकरले. "कंडेम. इंग्रजी क्रियापद आहे. एखाद्याचा चारचौघांत धिक्कार करणे. मूळ लॅटिन. त्यात 'डॅम्नम' बसलाय, म्हणजे नुकसान."

"धरनाचा डॅम का जी?" मागून सुखराम.

"नाही. नुकसान मात्र दोन्हींत आहे."

ग्रामसेवकाने कानावर पडलं तसं लिहिलं: 'सौ. ज्योत्सना धनराज यांना सर्वानुमते कंडम करण्यात येत आहे.'

तालुक्याच्या कार्यालयाला कंडमचा एकच अर्थ ठाऊक होता. कंडम जीप, कंडम खुर्च्या, कंडम टायर. गावाने कंडम बाई कळवली, तर शंका घेणारे आपण कोण? निरुपयोगी वस्तूंच्या निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकण्याची, कार्यवाही सुरू झाली आणि पाहणीला मनिष नावाचे कनिष्ठ अभियंता आले.

"सदर बाब कधी खरेदी केली?"

"खरेदी नाही जी, लगन झालं," ज्योत्सना म्हणाली.

"दुरुस्तीयोग्य आहे का?"

"नाही जी," नवरा धनराज गमतीत बोलून गेला. "मी करून पाहिलं."

साहेबांनी ते लिहून घेतलं. ज्योत्सनाने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने त्या दिवशी न सांगता भांडी घासली.

निर्णय होईतो वापर बंद, असा नियम. अंगणवाडीची किल्ली गेली, खिचडीचं गंज-पातेलं गेलं. सकाळी लेकरं वाट्या घेऊन बंद दाराशी बसली. त्यांत ज्योत्सनाची लेक गुड्डीही. "माय, तू मोडली का वो?" तिने विचारलं आणि आईचा हात कोपरापासून वाकवून पाहिला. वाकत होता. ज्योत्सनाने तिला उचलून घट्ट धरलं आणि तशीच सरपंचाच्या दारात गेली.

"मी तं नुसता धिक्कार केला वो," कुलदीपभाऊ कळवळले. "तुले भंगारात कोन काढून राहिलं?"

"तुमीच काढलं भाऊ. आता परत घ्या."

पण कंडम वस्तू परत घेण्याची तरतूद नव्हती. जाहीर पाहणीत कोणी हरकत घेतली, तरच निर्लेखन थांबणार होतं. एक हरकत, बस. तेवढ्यावर तिची नोकरी टिकणार होती.

पाहणीच्या दिवशी पंचायतीच्या अंगणात मोडक्या खुर्च्यांच्या रांगेत ज्योत्सनाबाईला बसवलं. खुर्च्यांना होती तशीच 'कंडम' लिहिलेली चिठ्ठी तिच्या पदराला टाचली. अख्खं गाव जमलं. काल घरोघरी 'चुकलंच बाप्पा' म्हणणारे झाडून हजर होते.

"कोणाची हरकत?" मनिषसाहेबांनी विचारलं.

मधुकररावांनी हात वर केला. ज्योत्सनाचा जीव भांड्यात पडला.

"उच्चाराबाबत आहे. कंडम नव्हे, कंडेम."

"नोंद घेतली. आणखी?"

कोणी चपलेने माती उकरली, कोणाला फोन आला. तेवढ्यात गुड्डी धावत आली, शेजारच्या खुर्चीची चिठ्ठी उपटून टिकलीसारखी स्वतःच्या कपाळाला चिकटवली आणि आईच्या मांडीवर ऐटीत बसली. सगळं अंगण खदखदून हसलं. ज्योत्सना सोडून.

मनिषसाहेबांनी लिहिलं: 'उपस्थित हसले. हरकत नाही.'

"हसनं म्हंजे मंजुरी होय का जी?" ज्योत्सनाने लेकीच्या कपाळावरची चिठ्ठी हळूच सोडवत विचारलं.

"होय. सही टाळणाऱ्यांसाठी तीच सोय आहे."

"आन जे इथं आलेच नाही? घरी बसून मजेनं वाचून हसले, ते?"

"त्यांच्यासाठी अहवालात खाली जागा सोडली आहे."

जागा अजून मोकळी आहे. आपण कुठेकुठे हसलात, तेवढं कळवावं.