सामंतांचा हिवाळा

२०१६ साली, चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी दुपारी, सिंगापूरच्या बेडोक भागातले आमचे शेजारी विनायक सामंत यांनी आपल्या फ्रिजमधून तीन कुंड्या बाहेर काढल्या. कुंड्या आत ठेवून नऊ आठवडे झाले होते. बारा व्हायला हवे होते.

सामंत मूळचे पुण्याचे, बँकेत ऑडिटला, वय चोपन्न, एकटे. ऑफिसच्या कामासाठी एकदा इंग्लंडला गेले असताना त्यांनी कुरणात काउस्लिप नावाचं पिवळं रानफूल पाहिलं. एकदा लावलं की दरवर्षी फुलणारं. अट एकच, मध्ये कडक थंडी हवी. सिंगापूरला हिवाळा नाही. सामंतांनी तो फ्रिजमध्ये सुरू केला.

थंडीआधी रोपं त्यांच्या बेडरूममध्ये, एसीत वाढत. सामंत हॉलमध्ये पंख्याखाली झोपत. बी ते डोळे मिटून उधळत. "कुरणात कोणी रांगा आखत नाही. रांगा हॉकर सेंटरला, जेवण घेताना." सुकलेली पानं काढायला मनाई होती. कॉरिडॉर झाडणाऱ्या चिनी आंटीने एकदा डोकावून विचारलं, "अंकल, धिस वन डाय ऑलरेडी?"

"स्लीपिंग, लाह," सामंत म्हणाले.

फ्रिजमध्ये भाजीला जागा उरली नव्हती. ते रोज एक टोमॅटो आणि दोन मिरच्या आणत. कोणी पाण्यासाठी फ्रिज उघडला की हॉलमधून ओरडत, "दार लावा! हिवाळा चाललाय!"

"भावोजी, त्यापेक्षा कोथिंबीर लावा," माझी बायको मीना म्हणे. "निदान चटणी तरी होईल."

"वहिनी, कोथिंबीर बाजारात मिळते. हिवाळा मिळत नाही."

पहिल्या वर्षी रोपं कुजली, दुसऱ्या वर्षी बुरशी आली. तिसऱ्या वर्षी एका रोपाच्या मधोमध कळ्यांचा झुबका दिसला. सामंतांनी आम्हाला तो टॉर्च मारून दाखवला. पाच सेकंद.

नववर्षाच्या आदल्या दिवशी, रविवारी, आमचा फ्रिज बंद पडला. मीनाची केमो चालू होती आणि रोज संध्याकाळी एक याप्रमाणे सहा इंजेक्शनं फ्रिजमध्ये होती. मेकॅनिक सुट्टीवर, नवा फ्रिज शनिवारी मिळणार. मी खोका घेऊन सामंतांकडे गेलो. औषध मातीजवळ ठेवायचं नाही, असं नर्सने बजावलं होतं. ते कसं सांगावं, हे दारात उभं राहूनही ठरत नव्हतं.

"किती डिग्री लागते?" सामंतांनी विचारलं.

"दोन ते आठ."

त्यांनी कुंड्या बाहेर काढल्या, कप्पे दोनदा पुसले, आतला थर्मामीटर पाहिला. "चार आहे. ठेवा."

"आणि कळ्या?"

"यंदा वसंत लवकर आला म्हणायचं."

बुधवारी कळ्या गळाल्या. रोज सहाला सामंत इंजेक्शन आणून देत. सोबत कागदावर दर तासाचं तापमान, पेन्सिलीने लिहिलेलं.

"भावोजी, माझ्यामुळे तुमचं फूल गेलं," मीना म्हणाली.

"गेलं कुठे? रोप आहे ना. पुढच्या वर्षी परत विचारू त्याला. तुम्ही आधी जेवा."

सहाही इंजेक्शनं वेळेवर झाली. मार्चमध्ये मीनाचे रक्ताचे रिपोर्ट चांगले आले. तिने पहिल्यांदा स्वयंपाकघरात उभं राहून शिरा केला आणि पहिली वाटी शेजारी पाठवली.

एप्रिलमध्ये सामंतांचे एक सहकारी लिफ्टमध्ये भेटले. सामंतांचा पेशंट आता कसा आहे, असं त्यांनी मला विचारलं. नववर्षाच्या सुट्टीनंतर बुधवार ते शुक्रवार सामंत ऑफिसला गेले नव्हते. रजेच्या अर्जात त्यांनी कारण लिहिलं होतं: घरचं माणूस आजारी.