मांजर्लीतला पद्मटंक

बदलापुरात, मांजर्लीच्या आपल्या फ्लॅटमध्ये यादवांचा राजा राहतो, असं हरिचंद्र म्हात्रे छातीठोकपणे सांगायचे. राजा लोखंडी कपाटात, मखमलीच्या डबीत असायचा. देवगिरीच्या रामचंद्रदेवाचा पद्मटंक! वाटीसारखं खोलगट सोन्याचं नाणं, मधे कमळ, काठालगत एकीकडे शंख आणि एकीकडे राजाच्या नावाचा ठसा. उभ्या आयुष्यात हरिचंद्रांनी एवढं एकच नाणं जमवलं, पण पाहुण्यांना दाखवताना चहा गार होईपर्यंत बोलायचे. "साधं सोनं नाही हे. याच्यात राजाचं तेज आहे."

उल्हासनगरच्या प्रदर्शनात ते मांडायचं ठरलं, तेव्हा त्यांनी नवा सदरा शिवून घेतला. नाण्याखाली पाटी लागणार होती. वर राजाचं नाव, खाली त्यांचं. त्यांचं नाव आजवर कुठेच छापून आलं नव्हतं, आणि आता येणार होतं ते थेट राजाच्या पंगतीला.

प्रदर्शनवाल्या धर्मेशभाईंनी भिंग लावलं आणि बराच वेळ लावूनच ठेवलं.

"काका, कमळ आहे, शंख आहे. राजा किधर है?"

नावाच्या जागी काठ गुळगुळीत होता; हरिचंद्रांच्या म्हाताऱ्या डोळ्यांना ते कधी दिसलंच नव्हतं.

"नावच नाही तर पाटीवर काय लिहू? कुठलाही यादव असेल."

हरिचंद्र नाणं मुठीत धरून घरी आले. कपाटाची किल्ली बायकोच्या कमरेला असायची.

"गोदू, नाण्याला काय केलंस?"

गोदूबाई मेथी निवडत होत्या. "राजसीला चाटवलं. तान्ह्या बाळाला मधात सोनं उगाळून देतात ना? मग नातीला राजाचं नको द्यायला?"

"एका नातीपायी राजा पुसला जातो?"

"खालच्या कीर्तीच्या बाळालापण दिलं. तिनं माहेरी सांगितलं. मग पार बारवी धरणापासून बायका यायला लागल्या. बाळंतिणीच्या घरच्यांना नाही कसं म्हणायचं? आणि तुम्हीच बोललात ना, याच्यात तेज आहे."

हरिचंद्रांना खरोखर रडू आलं. खिलजीनं देवगिरी लुटली, त्यातून जे वाचलं ते गोदूबाईंच्या सहाणेवर संपलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या सगुणाबाई मधाची वाटी घेऊन दारात आल्या. त्यांच्या सुनेला मुलगा झाला होता. हरिचंद्रांचे डोळे पाहून त्या ओशाळल्या आणि परत फिरल्या. पाळण्यात राजसी जीभ बाहेर काढून हसत होती. तिच्याकडे बघता बघता हरिचंद्रांची मूठ सैल झाली.

"थांबा वहिनी," ते म्हणाले आणि नाणं स्वतःच सहाणेवर ठेवलं. "शंखाच्या बाजूनं घासा, राजा संपलाय. कमळ तेवढं राहू द्या. आमच्या धाकट्या सुनेला दिवस गेलेत."