मोठा होता म्हणून सोडला

त्या शनिवारी गिरिजाने ठरवलं, नवरा समुद्रावरून मासा पकडून आणण्याआधीच वाटण करून ठेवायचं. चूक झाली ती तिथेच. खोबरं, धणे, मिरच्या, गावाहून जपून आणलेली त्रिफळं, सगळं तयार झालं आणि सिद्धेश हात हलवत घरी आला.

"लागला होता," तो म्हणाला. "पण लहान होता. सोडला."

लहान होता म्हणून सोडला, इथवर गिरिजाने चालवून घेतलं. पुढच्या शनिवारी पुन्हा वाटण, पुन्हा रिकामे हात.

"आज मोठा होता. सोडला."

आता गिरिजाचं माहेर वेंगुर्ल्याचं. मासा मोठा आहे म्हणून परत समुद्रात टाकणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता. (पाहिला असता तर घरच्यांनी त्याला डॉक्टरकडे नेलं असतं.)

"अगं, न्यू जर्सीचा नियम आहे," सिद्धेश म्हणाला. "स्ट्राइप्ड बास अठ्ठावीस ते एकतीस इंचांतलाच ठेवायचा. तोही माणशी दिवसाला एकच."

"मासा काय ब्लाउज आहे, मापात बसायला?"

तिसऱ्या शनिवारी तर म्हणे आमिषच मिळालं नाही. दुकानातला बंकर संपला. हा बंकर म्हणजे पुन्हा मासाच. म्हणजे मासे विकत घ्यायचे, त्यांनी मासे पकडायचे आणि ते सोडून द्यायचे. तीन आठवडे त्या वाटणात अंडी सोडून खाणाऱ्या बाईने यावर विश्वास ठेवायचा.

"कपड्यांना वास कसला येतो गं त्याच्या?" वरच्या मजल्यावरच्या मालिनीकाकूंनी विचारलं.

"साबणाचा. लिंबाच्या."

"समुद्रावरून येतो, आणि लिंबाच्या साबणाचा वास," काकू म्हणाल्या आणि गप्प बसल्या. (काकू गप्प बसतात तेव्हाच जास्त बोलतात.)

न्यू जर्सीतल्या या पार्सिपनी गावात गिरिजाचं होतं कोण? तीन वर्षांचा कुश आणि हा माणूस. तो दर शनिवारी पहाटे उठून जातो तरी कुठे, हे कळल्याशिवाय तिला घास गिळेना.

चौथ्या शनिवारी सिद्धेश गाडीपाशी गेला, तर मागे कुश झोपलेला आणि पुढच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन गिरिजा.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. का, अडचण आहे?"

"अडचण कसली? थंडी असेल, एवढंच."

इतक्या पटकन 'अडचण कसली' म्हणाला, हेही तिला खटकलं.

दुकानात बंकरचं शेवटचं पाकीट मिळालं. गिरिजाने इंग्रजी जुळवून दुकानदाराला विचारलं, "लास्ट सॅटरडे, नो बंकर?"

"नो बंकर," तो म्हणाला.

गिरिजाने दोघांचे चेहरे पाहिले. आधीच ठरवून ठेवलं असेल.

किनाऱ्यावर मात्र खरोखरच माणसं गळ टाकून उभी होती. त्यांत बाई एकच, सत्तरीची. गिरिजाने तिच्याकडे दोनदा नीट पाहिलं आणि तिला संशयातून मोकळं केलं. आमिष लावून झाल्यावर सिद्धेशने डिकीतून बाटलीभर पाणी आणि लिंबाचा साबण काढून हात धुतले.

"तूच म्हणालीस ना, गाडीला वास येतो म्हणून," तो म्हणाला. गिरिजाचा संशय एक पायरी खाली उतरला. पण एकच.

तासाभराने काठी वाकली. बरीच ओढाताण झाली आणि काळ्या पट्ट्यांचा, टपोऱ्या पोटाचा मासा वाळूवर आला. सिद्धेशने शेजारी पट्टी ठेवली.

"तीस. गिरिजा, बसला मापात."

इतके दिवस बसत नव्हता, आणि बायको आल्याबरोबर बसला?

"थांबा. मी मोजते."

पार्सिपनीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज गिरिजा शिवायची, त्यामुळे टेप पर्समध्येच असायची. तोंडापासून शेपटीपर्यंत, पोटाच्या गोलाईवरून, कुठे सैल न सोडता तिने सवयीने टेप फिरवली.

"बत्तीस."

"अगं, तीस आहे."

तेवढ्यात वाळू तुडवत, छातीवर बिल्ला लावलेला, गणवेशातला माणूस त्यांच्याच दिशेने येताना दिसला. गिरिजाला एका क्षणात दंड दिसला, तुरुंग दिसला, ग्रीन कार्ड फाटलेलं दिसलं आणि मुंबईचं विमानही दिसलं. तिने मासा दोन्ही हातांनी उचलला, धावत पाण्यात गेली आणि सोडून दिला.

"मॉमी थ्रू डॅडीज फिश," कुशने सरकारला कळवलं.

तो मासेमारीचा अधिकारी होता. बराच वेळ तो सिद्धेशशी बोलत राहिला, अधूनमधून हाताने पोटाची गोलाई काढून दाखवत. सिद्धेशचा चेहरा बघवत नव्हता.

"काय म्हणतायत?"

"ते दुर्बिणीतून बघत होते. मासा आडवा ठेवून सरळ रेषेत मोजायचा असतो म्हणतायत. पोटावरून टेप घेतली की दोन इंच वाढतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तीसच होता. ते अभिनंदन करायला येत होते."

नवरा खरं बोलतो हे आता सरकारी अधिकाऱ्यानेच सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या समाधानात गिरिजाला रडू येत होतं. भिजलेला पंजाबी ड्रेस पिळत ती पाण्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, विचारा ना त्यांना. तोच मासा आज पुन्हा लागला, तर घरी नेता येईल?"

सिद्धेशने विचारलं. अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या टेपकडे पाहिलं आणि गंभीरपणे उत्तर दिलं.

"येईल म्हणतायत," सिद्धेश म्हणाला. "फक्त तो लागला, की आधी तुला गाडीत बसवायचं."