ढगे भाऊंचा बसवलेला व्यायाम

ढगे भाऊंची आणि माझी पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. दार उघडलं तेव्हा ते अर्धे खाली होते. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी, पायांत कंपनीचे जाडजूड बूट आणि गुडघे वाकलेले. त्यांचं काहीतरी पडलंय असं समजून मीही वाकून शोधू लागलो. ते वर गेले, परत खाली आले आणि म्हणाले, "काही पडलं न्हाई, भाऊ. बैठका मारायलोय."

सातव्या मजल्यापर्यंत लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. मी दारावरच्या आकड्यांकडे बघत उभा राहिलो. माणूस बैठका मारत असताना शेजारच्याने नक्की कुठे बघायचं, हे मला आजही कळलेलं नाही. बाहेर पडताना जरा शहाणपणा करून विचारलं, "एवढा व्यायाम करायचाय तर जिन्यानेच का नाही येत?"

"जिन्यानं वेळ जातो की," ढगे भाऊ म्हणाले. "लिफ्टमधी आपुन नुसतं उभं राहायलोय, तो वेळ तसाबी वायाच. त्यात बसवला. व्यायामाला वेळ काढायचा नसतो. व्यायाम बसवायचा असतो."

मग त्यांनी समोरच्या फ्लॅटचं लॅच किल्लीने उघडलं, तेव्हा मला कळलं की हा माणूस आपला शेजारी आहे.

ढगे भाऊ मूळचे परभणीकडचे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लाइन सांभाळतात. कंपनीच्या डॉक्टरांनी एकदा त्यांची साखर बघून 'रोज अर्धा तास चाला' असं सांगितलं. ढगे भाऊंनी विचारलं, "कधी?" डॉक्टर हसले. ढगे भाऊ हसले नाहीत, कारण त्यांचा प्रश्न खरा होता. उजाडायच्या आत कंपनीची बस, दुपारी घरी परत, आणि घरात पाऊल टाकल्यापासून दुसरीतली मुलगी, ईश्वरी, त्यांच्या ताब्यात. तिचा अभ्यास, तिचं जेवण, तिची झोप. अर्धा तास सलग असा कुठेच नव्हता. मग त्यांनी तो तुकड्यातुकड्याने जमवायला घेतला.

कुकर लावला की ते स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकवून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखे बसतात. तिसरी शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही. हरभरे शिजवायचे असले तर आमच्या घरापर्यंत त्यांचा कण्हण्याचा आवाज येतो आणि शीतल, म्हणजे माझी बायको, म्हणते, "आज त्यांच्याकडे उसळ दिसतेय."

ईश्वरीचे पाढे आणि त्यांचे जोर एकदमच चालतात. तिने एक ओळ म्हणायची, त्यांनी एक जोर काढायचा. ही पोरगी दिसायला गरीब आहे, स्वभावाने नाही. 'सतरा पंचे पंच्याऐंशी' म्हणून ती पाणी प्यायला निघून जाते. बाप अर्ध्यात लटकलेला, हात थरथरतायत, आणि आतून तिच्या पाणी पिण्याचा शांत आवाज येतोय. "पुढचं म्हण की गं माय!" असं ओरडून शेवटी ढगे भाऊ स्वतःच उत्तर सांगून टाकतात. वर्गात ईश्वरीला सतराचा पाढा पंच्याऐंशीपर्यंतच येतो अशी तक्रार आली, त्यामागचं कारण हे आहे.

सोसायटीच्या सभेत तर त्यांनी इतिहास घडवला. गच्चीला कुलूप लावावं की नाही यावर दीड तास भांडण चाललं होतं. भाषणं ऐकताना मान मोकळीच असते, म्हणून ढगे भाऊंनी तिचा व्यायाम चालवला होता. सेक्रेटरींनी मत विचारलं तेव्हा ती डावीकडून उजवीकडे फिरत होती. त्यांचा नकार धरला गेला आणि ठराव एका मताने पडला. पुढच्या सभेत तोच ठराव परत आला. या वेळी मान वरखाली करायची पाळी होती आणि गच्चीला कुलूप लागलं. दोन्ही वेळा विषय काय होता ते त्यांना मी नंतर सांगितलं.

आता रेखा वहिनींबद्दल, म्हणजे ढगे भाऊंच्या बायकोबद्दल. त्याही चाकणच्याच पट्ट्यात, वायरिंगच्या कंपनीत आहेत, पण सेकंड शिफ्टला. ईश्वरी झाल्यावर दोघांनी आपापल्या सुपरवायझरच्या मागे लागून हे ठरवून घेतलं. तो कायम फर्स्टला, ती कायम सेकंडला, म्हणजे घरात कुणीतरी एक असतंच. आमच्या मोशीत हे काही नवल नाही. इथे नवरा-बायको दोघं भरदिवसा एकत्र दिसले तर लोक विचारतात, "काय राव, कंपनी बंद पडली का?" वहिनी रात्री येतात तेव्हा ढगे भाऊ झोपलेले, ते पहाटे जातात तेव्हा वहिनी झोपलेल्या. त्यांना सुट्टी गुरुवारी, वहिनींना रविवारी. सहा-सात वर्षं हा संसार असा रिले शर्यतीसारखा चाललाय, आणि हातातली काठी म्हणजे ईश्वरी.

कामाच्या दिवशी फक्त दुपारी त्यांची गाठ पडायची. ढगे भाऊंची बस त्यांना तीनच्या सुमाराला सोसायटीच्या गेटवर सोडायची आणि वहिनींची बस त्यानंतर अर्ध्या तासाने त्याच गेटवर यायची. पण गेटवर बस पकडणं ढगे भाऊंच्या तत्त्वात बसेना. ते म्हणाले, पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायचं, तिथे वहिनींनी बस पकडायची, आणि आपण चालत परत यायचं. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," ते मला म्हणाले. "हे चालणं बसवलंय. पण त्या टायमाला ईश्वरीपाशी रिलीव्हर पायजे."

रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येऊन उभा राहिल्याशिवाय चालू मशीन सोडून जायचं नाही, हा कंपनीचा नियम. मी घरून काम करतो, म्हणजे ढगे भाऊंच्या मते रिकामाच असतो, त्यामुळे माझी नेमणूक झाली. रोज दुपारी ईश्वरीला माझ्या दारात उभी करून ते रीतसर चार्ज द्यायचे. "डोक्याला तेल घातलेलं हाय. नाकाला जरा गळती हाय. सकाळपासून दोनदा विनाकारण बंद पडली, आपोआप चालू झाली." मी मान डोलवायचो. मी "घेतला चार्ज" असं तोंडाने म्हटल्याशिवाय ते हलायचे नाहीत.

मग मी आणि ईश्वरी गॅलरीतून त्यांचं चालणं बघायचो. व्यायाम म्हणून बघितलं तर ते चालणं अगदी टाकाऊ होतं. कुकरच्या तीन शिट्ट्यांत घाम गाळणारा हा माणूस तिथे पोटभर जेवलेल्या बैलासारखा चालायचा. मध्येच थांबायचा. वहिनी काहीतरी सांगायच्या, हा हसायचा. वहिनी रागावून दोन पावलं पुढे जायच्या, हा हातवारे करत मागे. एका मिनिटाच्या अंतराला त्यांना वीस मिनिटं लागायची. दिवसभरात या दोघांना एकमेकांशी बोलायला तेवढीच वीस मिनिटं होती, हे गॅलरीतून बघणाऱ्या आंधळ्यालाही कळलं असतं. ढगे भाऊ मात्र परत येऊन दम लागल्याचा आव आणत, दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणायचे, "झालं वॉकिंग."

गेल्या वर्षी वहिनींच्या कंपनीने शिफ्टची वेळ पाऊण तास अलीकडे घेतली. बसही पाऊण तास अलीकडे आली. आता ढगे भाऊ मोशीत उतरायच्या आधीच वहिनी चाकणच्या वाटेला लागलेल्या असायच्या. नाशिक हायवेवर कुठेतरी दोघांच्या बसेस एकमेकींना ओलांडून जायच्या. ईश्वरीचा चार्ज वहिनी मला द्यायच्या आणि माझ्याकडून ढगे भाऊ घ्यायचे. दोघांच्या मधला दुवा म्हणून मी उरलो होतो, आणि तो दुवा किती निरुपयोगी आहे हे मला रोज जाणवायचं. "तुमची वहिनी काय म्हणाली?" असं त्यांनी विचारलं की मी सांगणार काय? "भाजी फ्रिजमध्ये आहे म्हणाल्या." एवढ्यावर माणसाचं भागतं का?

ढगे भाऊ खटपट करून बघत होते. आपल्या सुपरवायझरला त्यांनी अर्धा तास आधी सोडायला सांगितलं. कारण विचारल्यावर म्हणाले, व्यायाम. मग वहिनींच्या कंपनीत बसचं काम बघणाऱ्या साहेबांना जाऊन भेटले आणि मोशीचा थांबा शेवटी घ्या म्हणाले. तिथेही कारण व्यायामच. साहेबांनी त्यांना एका जिमचा पत्ता दिला.

"अहो, खरं कारण सांगायचं ना," मी वैतागून म्हणालो.

"खरं म्हणजे?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. "व्यायामच की. डॉक्टरांनी सांगितलंय."

आपल्याकडे बायकोशी दोन शब्द बोलायचेत म्हणून कुणी बस उशिराची मागत नाही. गुडघ्यासाठी मागता येते, साखरेसाठी मागता येते. कदाचित डॉक्टरांनी अर्धा तास बोला असं लिहून दिलं असतं तर काहीतरी झालं असतं.

त्यानंतर ढगे भाऊ लिफ्टमध्ये सरळ उभे राहू लागले. चार माणसं उभी राहतात तसेच, आकड्यांकडे बघत. कुकर शिट्ट्या देऊन देऊन गप्प व्हायचा, भिंत रिकामी. ईश्वरीने सतराचा पाढा एका दमात पूर्ण म्हटला आणि तिला कुणी शाबासकीही दिली नाही. ती मला हळूच म्हणाली, "काका, पप्पा खराब झालेत का?" मला फार वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, नाही गं, सुटा भाग मिळाला की होतील चालू. ते कसे, हे मला ठाऊक नव्हतं.

मग एक दिवस लिफ्टचं दार उघडलं आणि ढगे भाऊ परत अर्धे खाली होते. चेहऱ्यावर घाम, बुटांवर धूळ. दुपारी तीनऐवजी साडेचारला घरी येऊ लागले. मी विचारलं तर म्हणाले, "चालणं नव्यानं बसवलंय."

कुठे बसवलंय ते मला पंधरा दिवसांनी कळलं. मला काही कामाने चाकणला जावं लागलं, म्हणून त्या दुपारचा चार्ज शीतलला देऊन मी गाडी काढली. मोशी-चाकणच्या मधल्या कुरुळीच्या अलीकडे ट्रॅफिक अडकलं. त्या रस्त्याला ते रोजच अडकतं. ट्रेलर, टेम्पो, कंपन्यांच्या बसेस, सगळं एकमेकांना चिकटून मुंगीच्या पावलाने सरकत होतं. माझ्या पुढच्या टेम्पोवाल्याने खाली उतरून यच्चयावत सरकारी खात्यांचा उद्धार केला. मीही काच खाली करून त्यात भर घातली.

तेवढ्यात दिसलं की पुढच्या एका बसच्या शेजारून, मातीच्या पट्ट्यावरून एक माणूस चालतोय. पायांत जाड बूट, खांद्याला डब्याची पिशवी, मान वर. बसच्या खिडकीच्या गजांना कपाळ टेकवून रेखा वहिनी खाली बघत होत्या. बस सरकली की ढगे भाऊ सरकायचे. बस थांबली की तेही थांबायचे. ट्रॅफिकमध्ये आपली बस अडकली की ते कुरुळीला उतरत होते, दुभाजक ओलांडून समोर अडकलेली वहिनींची बस शोधत होते आणि तिच्या बाजूने परत चाकणच्या दिशेने चालत होते. वहिनी काहीतरी सांगत होत्या, हा हसत होता. बसमधल्या बाकीच्या बायका मुद्दाम दुसऱ्या बाजूला बघत होत्या. रस्ता थोडा मोकळा झाला तेव्हा त्यातलीच एक पुढे ओरडली, "मामा, दमानं घ्या, काय घाई हाय?" आणि ड्रायव्हरने खरंच दमाने घेतलं. माझ्या मागचा हॉर्न वाजवत होता. मी काच वर केली आणि गाडी बंद करून बसून राहिलो. मला त्या दिवशी पोचायला उशीर झाला, पण त्याचं काही वाटलं नाही.

हे मी बघितलं असं ढगे भाऊंना मी कधी सांगितलं नाही. शीतलला सांगितलं. ती हातातलं काम बाजूला ठेवून म्हणाली, "चहा टाकते, इथेच बस जरा."

मागच्या आठवड्यात मात्र साडेचार वाजून गेले तरी ढगे भाऊ आले नाहीत. पाच वाजले, त्यावरही वेळ गेला. ईश्वरीने दोनदा भूक लागली म्हणून सांगितलं, तिला पोळी-गूळ दिला. त्या दिवशी कुठल्याशा मोठ्या साहेबांचा दौरा होता म्हणून पोलीस लावून अख्खा हायवे मोकळा केलेला होता. सोसायटीत जो तो खुशीत येत होता. "काय राव, दहा मिनिटांत मोशी!" म्हणून एकमेकांना टाळ्या देत होते.

शेवटी दारात ढगे भाऊ उभे राहिले. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, बूट पांढरेफटक. रोजच्यासारखा कुरुळीला उतरलो, म्हणाले. वहिनींची बस आली ती सुसाट. खिडकीतून एक हात बाहेर निघाला, एवढंच त्यांना दिसलं. मग ते तिथून मोशीपर्यंत चालत आले.

"अहो, एवढं लांब? रिक्षा तरी करायची," मी म्हटलं.

ते आमच्या उंबऱ्यावरच बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. ईश्वरी त्यांच्या पाठीवर जाऊन पडली. शीतलने पाणी आणून दिलं, ते त्यांनी एका दमात संपवलं.

"व्यायाम लई झाला आज, भाऊ," ढगे भाऊ रिकाम्या तांब्यात बघत म्हणाले. "बोलणं मात्र काहीच झालं न्हाई."