घरचा वाफा

तांबडी कोंबडी फवारलेल्या कोबीत शिरली आणि पोटभर अळ्या खाऊन डुलत बाहेर आली, तेव्हा पुंजारामच्या तोंडचं पाणीच पळालं. लेक रोशनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या अंगात रक्त कमी, आणि तिला रोजचं अंडं घालणारी ही एकटीच.

जनावरांचे डॉक्टर महेश यांनी कोंबडी उलटीसुलटी करून पाहिली. "जगेल ही. विष लिव्हरमध्ये फुटतं, बरंचसं विष्ठेतून पडून जातं. पण थोडं चरबीत मुरतं, तेच बलकात उतरतं. मी सांगेपर्यंत अंडं कुणाला द्यायचं नाही. हिला डालून ठेवा, आणि बिनफवारणीचाच पाला घाला."

बिनफवारणीचा पाला रानात एकाच जागी होता. मखमलाबादच्या शिवारात बरेच जण करतात तसं पुंजारामनेही विहिरीकडेला घरच्यापुरता एक वाफा राखला होता. इंदिरानगरच्या बाजारात जाणाऱ्या कोबीवर पंप चाले, वाफ्याकडे त्याचं तोंडसुद्धा वळत नसे. यात वावगं काही आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मग वाफा तांबडीच्या सेवेला लागला. आधी मेथी गेली, मग पालक गेला. शिळा पाला ती बघायचीही नाही. तिची विष्ठा आणि अंडी पुंजाराम लांब खड्ड्यात पुरून येई, आणि जावयाची तब्येत विचारावी तितक्या गांभीर्याने रोज डालग्यात डोकावे. बायको वत्सलाबाई कुरकुरली, पण लेकीसाठी तीही पाला खुडून देई.

तांबडीला चांगलंच तेज आलं. वाफ्यात मात्र नुसती माती उरली.

त्या संध्याकाळी वत्सलाबाईने रोशनीच्या ताटात कोबीची भाजी वाढली. पुंजारामचा घास हातातच राहिला.

"हा कुठला गं?"

"आपलाच. दुसरं हाय काय रानात?"

त्याने लेकीचं ताट स्वतःकडे ओढलं. रोशनी शांतपणे म्हणाली, "बाजारात हाच जातो ना आबा? तिथं पण कुणीतरी बाळंतपणाला आलेली असंल."

पुंजाराम बाहेर गेला आणि डॉक्टरांना फोन लावला. जरा घुटमळून म्हणाला, "डॉक्टर, कोंबडीचं समजलं. पन माणसानं तसला कोबी खाल्ला, तर?"

"माणसाचंही लिव्हरच ते काम करतं, पण त्याच्या भरवशावर कुणाला खाऊ घालू नये. कुणी खाल्लाय?"

पुंजारामने रस्त्याकडे पाहिलं. उद्याच्या बाजारासाठी कोबीच्या गोण्या शिवून तयार होत्या.

"अजून कुणी नाय," तो म्हणाला, आणि गोण्यांची शिवण उसवायला बसला.